देवीच्या वॉर्डातली सिस्टर

गोंदियाच्या स्टेशनवर आईने मला गाडीत बसवलं ते खिडकीपासून लांब. "पदर खाली ओढ वं. लोक पाहून राहिले," एवढंच ती म्हणाली आणि पोह्यांचं गाठोडं मांडीवर ठेवून उतरली. साल बावन्न, मी एकोणीस वर्षांची. बाबा टोपी हातात घेऊन फलाटावर प्रार्थना करत होते. शिट्टी झाली तरी त्यांचं आमेन आलं नव्हतं, म्हणून ते गाडीबरोबर दहा पावलं चालत आले.

गोंदियाजवळच्या गोरेगावात आमचं एकच ख्रिस्ती घर. धानाची शेती चार लोकांसारखीच, फक्त रविवारी ओसरीवर बाबा प्रार्थना घेत. आदल्या वर्षी मला देवी आल्या. मी वाचले, पण चेहऱ्यावर वण राहिले आणि ठरलेलं लग्न मोडलं. शेजाऱ्यांकडे निदान कारण तरी होतं, माता कोपली म्हणायचं. आम्हाला तीही सोय नव्हती. मी बाबांना रोज छळायची, "मलेच काऊन?" शेवटी एक दिवस ते म्हणाले, "थे मले नाही समजत, बाई. पण तो तुले फुकट रडवणार नाही." देवाची बाजू घेणारे बाबा मला त्या दिवशी अजिबात आवडले नाहीत.

त्यांनीच ओळखीतून मला छत्तीसगडातल्या एका मिशनच्या दवाखान्यात नर्सिंग शिकायला धाडलं. तिथल्या मेट्रनने मला उजेडात नेलं, चेहरा निरखला आणि ती खूश झाली. आजारानंतर माझं तोंड पाहून खूश झालेलं हे पहिलंच माणूस. एकदा देवी येऊन गेलेल्याला त्या सहसा पुन्हा येत नाहीत, आणि देवीच्या वॉर्डासाठी तिला अशीच मुलगी हवी होती. ज्या तोंडामुळे नवरा गेला त्याच तोंडावर मला ड्यूटी मिळाली. मी खोलीत जाऊन आधी रडले, मग हसू आलं, मग जेवणाची घंटा झाली.

वॉर्डात वेगळीच पंचाईत. मातेने भेट देऊन जिवंत सोडलेली बाई म्हणून पेशंटच्या आया माझ्या पायांवर हळदकुंकू वाहू लागल्या. मेट्रन येताना दिसली की मी पाय खाटेखाली लपवायची. एका म्हातारीला मी नीट समजावलं की मी येशूला मानते. ती शांतपणे म्हणाली, "मान ले, नोनी. फेर तैं तो जियत हस." खुशाल मान, पोरी, पण तू जगलीस ना.

मग फुलमत आली. सतरा वर्षांची, लग्न ठरलेलं. ताप उतरल्यावर तिने हातांनी स्वतःचा चेहरा चाचपला आणि खाणंच सोडलं. तीन दिवस पेजेची वाटी भरलेली परत गेली. पोरगी हातची जाईल, असं डॉक्टर म्हणाले. दुःखामागे देवाचा हेतू असतो, यावर मी मोठं प्रवचन जुळवून तिच्याजवळ बसले. तोंडातून भलतंच बाहेर पडलं. इकडे येताना गाडीत माझा पदर सरकला, तसा अख्खा बाक मिनिटात रिकामा झाला आणि डोंगरगडपासून मी राणीसारखी पाय पसरून झोपत आले. फुलमत हसली. खपल्या ताणल्या म्हणून कण्हली, पुन्हा हसली, आणि तिने वाटीकडे हात केला.

या एका वाटीसाठी देवाने माझा चेहरा बिघडवला, असं मी म्हणणार नाही. तेवढा आडमुठा तो नसावा. पण त्या वॉर्डात ही गोष्ट सांगू शकणारी मी एकटीच होते आणि तिथवर त्यानेच मला आणलं होतं. मेलेल्यांतून उठल्यावर प्रभूच्याही हातांवर वण राहिलेच होते की. लहानपणापासून ऐकलेलं हे मला ती वाटी धुताना कळलं. मला फार आनंद झाला, आणि बाबांना तसं लिहिलंही. त्यांनी ते पत्र ओसरीवर तीन रविवार वाचलं म्हणे.

फुलमतचंही लग्न मोडलं. ती वॉर्डातच आया म्हणून राहिली. माझ्या आईने निरोप धाडला, सुट्टीत त्या पोरीला संग आण. नाताळात आम्ही दोघी गोरेगावला गेलो.

घरातल्या पोरांनो, तुम्ही कोणी गावात राहिलात, कोणी नागपूर-भिलाईला गेलात. घर कुठे म्हटलं की तुम्ही पत्ता सांगता. मी मात्र त्या नाताळातला गोरेगावचा आठवडी बाजार सांगते. आईने आम्हा दोघींना भर बाजारातून मधोमध चालवत नेलं. माणसं वळून बघत होती आणि आई प्रत्येकाला थांबवून नमस्कार करत होती. बांगडीवालीने फुलमतच्या चेहऱ्याकडे पाहून विचारलं, ही कोण?

आईने फुलमतचा हात धरून पुढे केला, मग माझा.

"माह्याच पोरी आहेत दोघी," ती म्हणाली. "भर चुड्या."