नकाशातला पाचवा ठिपका

भूतखेत, देवीचा कौल, पूर्वसूचना... यातल्या कशावरही माझा विश्वास नव्हता आणि आजही नाही. हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचून काही जण मला हात जोडतील. कृपा करून जोडू नका. ज्यांनी जोडले त्यांच्यावरच मी इतकी वर्षं चिडलेली आहे.

लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, त्या उन्हाळ्यातली गोष्ट. आमच्या शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. शेंद्र्याकडे जाणाऱ्या रस्त्याला आत एक नवीन लेआउट पडला होता – मुरमाचे रस्ते, निम्मे प्लॉट रिकामे, नळ नाही, टँकर येईल तेव्हा पाणी. तिथं आमचं घर. खाली माझा कॉम्प्युटर क्लास, वर आम्ही सगळे. सगळे म्हणजे मी, माझे मिस्टर, धाकटा दीर गणेश, त्याची बायको सविता आणि त्यांची तीन वर्षांची परी.

गणेश शेंद्र्यात एका कंपनीत कंत्राटावर होता. त्याला एकच नाद – रणगाड्यांचा एक जुना गेम. रविवारी क्लास बंद असला की त्याच्या शिफ्टमधले मित्र यायचे आणि माझ्या कॉम्प्युटरवर एकमेकांच्या फौजा उडवायचे. त्या गेममध्ये स्वतःचा नकाशा बनवता येतो. गणेशनं आमच्या लेआउटचाच बनवला. सासऱ्यांनी जन्मभर मेंढरं फिरवली, त्यामुळे जमीन पावलांनी मोजायची सवय या घराला आहे. हा बाबा दोन सुट्ट्या पावलं मोजत उन्हात हिंडला आणि प्रत्येक खांब, प्रत्येक लिंब, पाण्याची टाकी, सगळं जिथल्या तिथं मांडलं.

अडचण एवढीच होती की गेमच्या यादीत नकाशाच्या नावापुढे चित्र यायचं नाही, नुसता काळा चौकोन. मित्र चिडवायला लागले – “गण्या, तुझ्या कॉलनीत लाइट बी नाय का रे?” मग काम माझ्याकडे आलं.

काम सोपं होतं. नकाशाचा फोटो घ्यायचा, पेंटमध्ये कापून लहान करायचा. मग कमांडच्या काळ्या खिडकीत एक ओळ टाइप करायची – छोट्या प्रोग्रॅमचं नाव, नकाशाच्या फाइलचं नाव, चित्राचं नाव – आणि एंटर. चित्र नकाशाच्या फाइलीत जाऊन बसतं. विंडोज यायच्या आधीपासून मी कमांड शिकवतेय, मला यात काय अवघड?

गेम उघडला. चित्र आलं. खेळाडू जिथून सुरू करतात त्या चार जागा गेम आपणहून हिरव्या ठिपक्यांनी दाखवतो, त्याही दिसल्या. आणि वर उजव्या कोपऱ्यात, टाकीच्या मागे, पाचवा ठिपका. काळा.

मी गणेशला विचारलं, चौघांच्या नकाशात हा पाचवा कुणाला बोलावलास? तो म्हणाला, मी नाही टाकला. मूळ चित्र मोठं करून पाहिलं, ठिपका नव्हता. नकाशाची फाइल नोटपॅडमध्ये उघडली, सुरुवातीच्या जागा चारच होत्या. कमांड परत चालवली. ठिपका आला. दुसऱ्या कॉम्प्युटरवर केलं. आला. गणेशचा जुना नकाशा घेऊन केलं, तर नाही आला.

आता माझं डोकं फिरलं. यंत्र मला वेड्यात काढतं म्हणजे काय? पेंटमध्ये एक कोरं पांढरं चित्र केलं, त्यावर काहीच नाही, आणि ते घातलं. गेममध्ये पांढरा चौकोन, चार हिरवे ठिपके, आणि त्याच कोपऱ्यात काळा. तेच चित्र उलट्या कमांडनं फाइलीतून बाहेर काढलं तर कोरं करकरीत. (कॅशे साफ केली का, स्क्रीन खराब होती का, असं खाली कमेंटमध्ये विचारू नका. सगळं करून झालं होतं.)

“तिथं खरं काय आहे रे?” मी विचारलं.

“काय नाय वहिनी. दौलतरावाचा मोकळा प्लॉट.”

तेवढ्यात टँकरचा हॉर्न वाजला. ऐन दुपार, तरी सगळी कॉलनी पाइप आणि ड्रम घेऊन धावली. सविताही. मीही निघाले, पण टँकरपाशी थांबलेच नाही. रागाच्या झटक्यात तशीच टाकीच्या मागे गेले. तिथं काहीच नाही हे डोळ्यांनी बघायचं, गणेशच्या तोंडावर मारायचं आणि विषय संपवायचा, एवढंच डोक्यात होतं.

प्लॉटच्या मधोमध युरियाचं रिकामं पोतं अंथरलेलं होतं. त्याच्या कडेला परी उकिडवी बसली होती आणि दोन्ही हातांनी पोतं ओढत होती.

मी ओरडले नाही. मागून जाऊन दंडाला धरून उचललं. पोतं तिच्या मुठीतच राहिलं आणि खालचं भोक उघडं पडलं. कोरड्या बोरचं भोक. परी त्यात सहज गेली असती. एक खडा टाकला. पडल्याचा आवाज आला नाही.

दौलतराव आमच्या लेआउटमधले मोठे असामी. पाण्यासाठी त्यांनी पाणाड्या आणला होता. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो फिरला, जिथं नारळ उभा राहिला तिथं बोर पाडला. नुसता फुफाटा उडाला. मग आतला केसिंग पाइप उपटून दुसऱ्या बोरला नेला आणि या भोकावर पोतं टाकून चार दगड ठेवले. ते दगड कुणीतरी टँकरच्या ड्रमांखाली द्यायला उचलून नेलेले.

परीला कडेवर घेऊन मी टँकरपाशी गेले. ते तिथंच खुर्ची टाकून बसले होते.

“दौलतराव, बोर उघडा का ठेवला?”

“उघडा कुठं मॅडम, पोतं हाय की.”

“बुजवला का नाही?”

“बोर मेला म्हणायचं नसतं. पावसाळ्यात उठतो. बुजवला की कायमचा गेला... आन् लेकरांवर ध्यान ठिवायचं काम आयांचं.”

सवितानं पाइप टाकून परीला माझ्या कडेवरून ओढून घेतलं. मी पोलिसात जाते म्हणाले आणि मी गेलेही असते. पण गणेशच्या तोंडून ठिपक्याची गोष्ट निघाली. झालं! पाणी सोडून लोक माझ्या क्लासमध्ये. पांढऱ्या चौकोनातला तो ठिपका प्रत्येकानं पाहिला. एका म्हातारीनं स्क्रीनला हात जोडले. मागे उभ्या दौलतरावांनी टोपी काढली. त्यांच्या चेहऱ्यावरची भीती गेली, ती मी पाहिली. तिथं भक्ती यायला वेळ लागला नाही.

दुसऱ्या दिवशी बोरवर लोखंडी झाकण वेल्ड झालं. झाकणावर हळदकुंकू, शेजारी शेंदूर फासलेला दगड, नारळ. फोडला कुणी? दौलतरावांनी. वर सगळ्यांना सांगत होते, “आईनं माझ्या हातून पाप होऊ दिलं नाय.” आणि लोक त्यांची पाठ थोपटत होते! ज्याच्या बोरात पोर जाणार होती, तोच पहिला भक्त.

तक्रारीवर सही द्यायला एकही घर तयार होईना. देवाच्या कामात पोलीस कशाला, म्हणाले. सविता तर खण-नारळ घेऊन ओटी भरायला निघाली. मी तिला जिन्यात अडवलं, नको ते बोलले.

ती म्हणाली, “ताई, माझी पोर वाचली. मला कुणाशी भांडायचं नाय.”

मी वाट सोडली.

खाली गेले आणि गेम उघडला. कमांड परत चालवली नव्हती, फाइलीला कुणी हात लावला नव्हता. काळा ठिपका नव्हता. चार हिरवे तेवढे होते.

नंतर महिनाभर लोक मोबाइलवर आपापल्या प्लॉटचे फोटो घेऊन यायचे – “मॅडम, आमचं बी गेममधी टाकून बघा की, काय दिसतंय का.” मी त्यांना हाकललं. म्हटलं, पाय आहेत ना, फिरून बघा. कुणी फिरलं नाही. शेवटी गणेशला घेऊन मीच गल्लीन् गल्ली पालथी घातली. लेआउटच्या दुसऱ्या टोकाला, बाभळीआड, आणखी एक कोरडा बोर सापडला. वर पोतंसुद्धा नव्हतं. ती जागा गणेशच्या नकाशात पहिल्यापासून होती. तिथं कधी ठिपका आला नव्हता. चौकशी केली, तर हाही दौलतरावांचाच.

त्यांच्या दारात जाऊन सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “ठिपका आला का तिथं?”

“नाही.”

“मग ऱ्हाऊ द्या की मॅडम.”

त्याच दुपारी मी बांधकामाच्या राड्यारोड्याचा ट्रॅक्टर बोलावला आणि उभं राहून तो बोर तोंडापर्यंत भरून घेतला. “माझा बोर मारला” म्हणून दौलतराव अजून माझ्याशी बोलत नाहीत. शेंदराच्या दगडावर मात्र आता पत्र्याचं छप्पर आहे.

तो ठिपका कुठून आला, मला माहीत नाही. बाभळीआडच्या बोरवर का आला नाही, तेही माहीत नाही. कॉम्प्युटरमधल्या जाणकारांना विचारलं, त्यांनी खांदे उडवले. तुमच्याकडे काही तांत्रिक कारण असेल तर जरूर लिहा. आईची कृपा असं लिहिणार असाल, तर आधी उठा आणि आपल्या गल्लीतला कोरडा बोर झाकलाय का ते बघून या.