सेल्फचा वकील

टायरवाला आणि इस्त्रीवाला यांच्या मधल्या अरुंद दुकानात एक गृहस्थ गेली एकवीस वर्षं आरोपींची बाजू घेत बसले आहेत. आरोपी लोखंडाचे असतात, बुटक्या बरणीएवढे, तेलाने माखलेले. त्यांना पिशवीत कोंबून आणलं जातं आणि फळीवर धाडकन आदळलं जातं. आणणारा माणूस घाम पुसत एकच वाक्य बोलतो, "सेल्फ गेला."

गाडीचं इंजिन ज्या मोटरने पहिल्यांदा फिरतं तिला पुस्तकात स्टार्टर म्हणतात म्हणे. गॅरेजात त्या नावाने तिला कोणी हाक मारत नाही. तिथे तो सेल्फ. किल्ली फिरवणं म्हणजे सेल्फ मारणं, आणि गाडी ढिम्म राहिली तर सेल्फ उचलत नाही. त्यामुळे गाडी चालू झाली नाही की कोणताही विचार न करता खापर त्याच्याच डोक्यावर फुटतं. आमचे गृहस्थ मात्र आणणाऱ्याला आधी स्टुलावर बसवतात, आरोपीला पकडीत धरतात, दोन वायरी लावतात, आणि सेल्फ घर्र करून फिरला की विजयी मुद्रेने म्हणतात, "हा निर्दोष आहे. घरी जा आणि खरा चोर शोधा." दहापैकी सात वेळा असंच होतं. एका ट्रकवाल्याने वैतागून त्यांना 'वकील' म्हटलं आणि ते नाव असं चिकटलं की आता दुकानावरची पाटी वाचायचे कष्टही कोणी घेत नाही.

वकिलांचा युक्तिवाद ठरलेला असे. किल्ली फिरवली की बॅटरीकडून एक बारीकसा निरोप निघतो. सेल्फच्या पाठीवर एक डबी असते, तिच्यात तारेचं वेटोळं आणि मधे लोखंडी दांडी. निरोप पोचला की वेटोळ्याचं चुंबक होतं आणि दांडी आत ओढली जाते. ही दांडी म्हणजे घरातली कर्ती बाई. एका फेरीत दोन कामं उरकते. एका टोकाने छोटं दातेरी चाक पुढे ढकलून इंजिनाच्या मोठ्या चक्राच्या दातांत बसवते, दुसऱ्या टोकाने तांब्याचे दोन जाड बोल्ट जोडते. बोल्ट जुळले की बॅटरीचा खरा लोंढा जाड वायरीतून सेल्फमध्ये घुसतो, सेल्फ फिरतो, त्याच्याबरोबर इंजिन फिरतं, पेट घेतं, आणि छोटं चाक गुमान मागे सरतं. सगळा मामला दीड सेकंदाचा. "आता मला सांगा," वकील बोट रोखत, "नाव सेल्फ, पण बिचारा स्वतःहून करतो काय? बॅटरी पडलेली असेल, वायर सैल असेल, तर तो काय डोक्याने फिरणार?" आणि शेवटी आवाज खाली आणून, जणू गुपित सांगताहेत असं, "शिवाय गेलेली वीज परतही यायला लागते. ती इंजिनाच्या लोखंडातून, अर्थच्या वायरीने बॅटरीकडे परत येते. जायचा रस्ता सगळे बघतात. यायचा कोणी बघत नाही."

हे भाषण त्यांच्या बायकोला पाठ होतं. जेवायला वाढताना ती वाक्याच्या मधूनच पुढचं म्हणून दाखवायची.

वकिलांची धाकटी बहीण शाळेची व्हॅन चालवायची. पाच वर्षं झाली होती. अकरा मुलं मोठी, नऊ छोटी, आणि सगळ्यांची ती 'व्हॅनताई'. नवरा दूर नोकरीला, सासू अंथरुणाला खिळलेली, घर चालायचं ते त्या व्हॅनवर. व्हॅन अंगाने थकली होती म्हणून वकिलांनी महिनाभरापूर्वी, मे महिन्याच्या सुट्टीत, तिला नवीन रंग देववला. आकाशी. बॅटरी, वायरी, दिवे सगळं स्वतः उतरवलं, रंगाऱ्याकडे पाठवलं, आणि परत आल्यावर स्वतःच्या हाताने बसवलं. दुसऱ्या कोणाला बोट लावू दिलं नाही.

शाळा सुरू झाली आणि पंधरा दिवसांत व्हॅनने दगा दिला. सकाळी एका फटक्यात चालू. छोट्यांना सोडून आली, मोठ्यांसाठी गेटवर उभी राहिली, साडेबाराला किल्ली फिरवली तर नुसती टक्. पुन्हा टक्. मुलं वीस मिनिटं उन्हात. इंजिन निवल्यावर ती अशी चालू झाली की जणू काही घडलंच नाही. आठवड्याने पुन्हा तेच. या वेळी एका मुलाची आई घरून रिक्षा करून आली आणि गेटवर जे काही बोलली ते शाळेच्या पायरीपर्यंत ऐकू गेलं.

शाळेच्या मोठ्या बाई बोलायला कमी आणि घड्याळाला पक्क्या. त्यांनी व्हॅनताईला ऑफिसात बोलावून शांतपणे सांगितलं की तिसऱ्यांदा मुलं खोळंबली तर दुसऱ्या दिवसापासून फेरी दुसऱ्या व्हॅनला. दुसरी व्हॅन तयार होती. तिचा मालक रोज गेटसमोर उभा राहून मिशीला पीळ द्यायचा, हेही व्हॅनताईने दादाला सांगितलं.

घरात एकमत झालं: सेल्फ बदला. बायकोचं तेच, बहिणीचं तेच, टायरवाल्याने तर न विचारता तेच सांगितलं. वकील एकटे विरुद्ध. त्यांनी सेल्फ तीनदा उतरवला, उघडला, आतले झिजणारे कार्बनचे तुकडे बघितले, पॉलिश पेपरने तांबं चकाकवलं, फळीवर फिरवला. प्रत्येक वेळी भोवऱ्यासारखा. बॅटरी तपासली, ठणठणीत. संध्याकाळी उन्हं उतरल्यावर व्हॅन दुकानासमोर येऊन निवली की शंभर वेळा किल्ली मारा, शंभर वेळा चालू.

"दादा," बहीण म्हणाली, "तुझ्या या निर्दोष पोराला मी शाळेत नेते. मोठ्या बाईंसमोर साक्ष देईल बिचारा."

"बये, चांगला सेल्फ काढून नवा बसवला आणि तोही अडकला, तर मग काय बदलशील? व्हॅन? की भाऊ?"

"भाऊ स्वस्तात पडेल."

मग मात्र तिचा आवाज जरा उतरला. तिने विचारलं, तुला खात्री आहे ना, की नुसता हट्ट आहे? माझी फेरी गेली तर मी काय करू ते तुला माहीत आहे.

वकिलांना खात्री होती. एकवीस वर्षांत कधी नव्हे एवढी. ते म्हणाले, उद्या मी तुझ्याबरोबर येतो, गेटवर, साडेबाराला. जिथे गुन्हा घडतो तिथेच चोर सापडतो. बहिणीने खांदे उडवले, पण नाही म्हणाली नाही. मनात म्हणाली असेल, एवढी वर्षं या माणसाच्या शब्दावर गाडी हाकली, अजून एक दिवस.

दुसऱ्या दिवशी वकील हत्यारांची पिशवी मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसले. छोटी मुलं उतरेपर्यंत त्यांना 'काका, तुम्ही कितवीत?' या प्रश्नाला चार वेळा उत्तर द्यावं लागलं. मग व्हॅन गेटसमोर उन्हात उभी राहिली. मोठी अकरा मुलं चढली, दप्तरं लागली, दार सरकलं. बारा अठ्ठावीस. बहिणीने भावाकडे एकदा बघितलं आणि किल्ली फिरवली.

टक्.

"पुन्हा मार."

टक्.

वकिलांना मनातून बरं वाटलं, हे कबूल केलं पाहिजे. अखेर चोर घरात होता. टक् झालं म्हणजे निरोप पोचतो आहे, दांडी ओढली जाते आहे, बोल्ट जुळत आहेत. नुसता लोंढा येत नाही. त्यांनी बहिणीला उतरवलं, तिची सीट उचलली. या व्हॅनचं इंजिन सीटखालीच. गरम वाफ तोंडावर आली. त्यांनी तिला बाहेरूनच हात घालून किल्ली मारायला सांगितलं. टक्, टक्, टक्. तिने वैतागून पाय आत घालून पॅडलही दाबलं आणि पुटपुटली, "हा अ‍ॅक्सिलरेटर पण जड झालाय. तुला महिनाभर सांगतेय. तू म्हणतोस पाय बारीक झालाय माझा."

वकील हे ऐकत होते आणि ऐकत नव्हते. जड झालाय. महिनाभर. त्यांनी अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलवर बोट ठेवलं आणि लगेच तोंडात घातलं. केबल तव्यासारखी तापली होती. वरचं प्लास्टिक वितळून आत चिकटलं होतं.

इंजिनाच्या उष्णतेने केबल तापली तर एका टोकाला तापते. ही मधोमध तापली होती. म्हणजे वीज परत येताना या बारीकशा केबलवरून येत होती. आपला हमरस्ता बंद असल्यासारखी, गल्लीबोळातून. त्यांनी वाकून अर्थची जाड वायर शोधली. इंजिनापासून बॉडीपर्यंत, कसून आवळलेली, बोल्ट जागच्या जागी. फक्त वायरीच्या टोकाखाली, लोखंडाऐवजी, सुंदर, गुळगुळीत, आकाशी रंग. गार असताना बोल्टच्या आट्यांमधून कशीबशी वाट मिळायची. तापलं की तीही बंद.

रंगावर वायर आवळणारा कोण, हे शोधायला फार डोकं चालवावं लागलं नाही.

मागे पायांचा आवाज झाला. मोठ्या बाई घड्याळाकडे बघत उभ्या होत्या. बारा बत्तीस. रस्त्यापलीकडे मिशीवाला मालक आपल्या व्हॅनला टेकून उभा होता, जणू पानाची गादी मांडून बसलाय असा निवांत.

वकिलांनी पिशवीतून चिमट्यांची जाड वायर काढली, एक चिमटा बॅटरीच्या मायनसला, दुसरा इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, आणि म्हणाले, "मार." व्हॅन पहिल्या झटक्यात गुरगुरली. आतल्या अकरा जणांनी टाळ्या वाजवल्या.

"काय झालं होतं?" मोठ्या बाईंनी विचारलं.

वायर सैल झाली होती, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. खड्डे आहेत, गाडी जुनी आहे, रंगारी बेफिकीर असतात. बहिणीलासुद्धा कळलं नसतं. पण आयुष्यभर दुसऱ्यांच्या खोट्या आरोपांवर भाषणं ठोकलेल्या माणसाच्या जिभेला ते वळण नव्हतं.

"सेल्फ चांगला आहे, बॅटरी चांगली आहे, हिची काही चूक नाही," ते म्हणाले. "रंग दिल्यावर अर्थची वायर मी बसवली. खालचा रंग खरवडायचा राहिला. चूक माझी."

बहिणीने त्यांच्याकडे पाहिलं. इतके दिवस ऐकलेलं सगळं तिच्या डोळ्यांसमोरून गेलं असावं. "म्हणजे दादा," ती म्हणाली, "दोष सेल्फचाच निघाला की."

मोठ्या बाई हसल्या नाहीत. त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, एवढंच. त्यांनी विचारलं, आत्ता चालू झाली, उद्या काय? तुमचे चिमटे घेऊन ही रोज फिरणार का?

"मुलं किती वाजेपर्यंत निघायला हवीत?"

"बारा चाळीस."

"मग अजून सात मिनिटं आहेत. इंजिन बंद कर गं."

बहिणीचा हात किल्लीवर अडला. चालू असलेली गाडी, मागे बसलेली मुलं, समोर बाई, आणि हा म्हणतो बंद कर. तरी तिने किल्ली उलटी फिरवली. व्हॅन गप्प झाली.

वकिलांचे हात त्यानंतर जे चालले ते बघण्यासारखं होतं. चिमटे काढले, बॅटरीची वायर सोडली. बोल्ट सुटला. पॉलिश पेपर फिरला, आकाशी भुकटी उडाली, खालून पांढरंशुभ्र लोखंड वर आलं. वायरीचं टोक घासलं, बोल्टच्या आट्या घासल्या, बोटभर ग्रीस, पुन्हा आवळला. बॅटरीची वायर जागेवर गेली. मधेच मागच्या सीटवरून कोणीतरी वेळ मोजत होतं, मोठ्याने, सेकंदांसकट. वकिलांनी त्यालाही नाही थांबवलं. उलट त्या तालावर पाना फिरवला.

त्यांनी सीट खाली पाडली आणि बहिणीला बस म्हणून खूण केली. पण मोठ्या बाई पुढे आल्या. "मी मारते."

त्यांनी पदर खोचला, सीटवर बसल्या, किल्ली फिरवली. व्हॅन चालू. बंद केली. फिरवली. चालू. तिसऱ्यांदा जरा थांबून, जणू व्हॅनला बेसावध गाठायचं असावं तसं, अचानक फिरवली. चालू. वकील हाताची घडी घालून उभे होते. तीनदा काय, त्यांनी तीनशेदा मारली असती तरी ते तसेच उभे राहिले असते. केबल मात्र आजच बदलायची, हे त्यांनी बहिणीला हळूच सांगितलं.

मोठ्या बाई उतरल्या. घड्याळ बघितलं. "बारा एकोणचाळीस," त्या म्हणाल्या, आणि व्हॅनताईकडे वळून, "उद्या बारा अठ्ठावीसला गेटवर."

बहिणीला एवढं पुरलं. तिने मान डोलावली, डोळे जरा जास्तच वेळ पुसले, सीटवर बसली आणि भावाला म्हणाली, चल. पण मोठ्या बाईंनी बोट वर केलं. व्हॅनचा परवाना फक्त मुलांचा आहे, येताना कसे आलात ते मी विचारलेलं नाही. वकिलांनी पिशवी खांद्याला लावली. व्हॅन वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा रस्त्यापलीकडच्या मालकाच्या मिशीचा पीळ पार सुटलेला होता.

उन्हात चालता चालता वकिलांना आठवलं की त्याच सुट्टीत रंगाऱ्याने त्यांच्याकडे आणखी चार गाड्या पाठवल्या होत्या. वायरी त्यांनीच बसवल्या होत्या, त्याच हातांनी, तितक्याच कसून. दुकानाकडे जाणारा रस्ता त्यांनी सोडला आणि डावीकडे वळले. पहिल्या घराचा मालक जेवून पेंगत होता. वकिलांना दारात बघून तो चकित झाला आणि म्हणाला, अहो, गाडी झकास चालू होते, काही तक्रार नाही.

"होते ना," वकील पिशवी खाली ठेवत म्हणाले, "म्हणूनच आलोय. बोनेट उघडा."