मासळीबाजाराची चार मिनिटं

मेस्सिना शहरात सांतीमास्तरांच्या सिनेमाला लोक हसायचे. इतर सिनेमावाले रंगवलेल्या पडद्यापुढे राजेराण्या नाचवायचे. हा माणूस बंदरावरच्या मासळीबाजारात कॅमेरा मांडायचा आणि हँडल फिरवत राहायचा. चार मिनिटं. कोळी, भांडणाऱ्या बायका, घाईतला पाद्री.

"पैसे देऊन आमच्याच बायका काय बघायच्या, मास्तर?" माझा भाऊ पीनो ओरडायचा. "घरी फुकट दिसतात!"

"घरी तू बघतोस कुठे?" मास्तर म्हणायचे.

१९०८च्या डिसेंबरात पहाटे जमीन हादरली आणि मागोमाग समुद्र आत आला. बाजार गेला, पीनो गेला, मास्तरांची बायको गेली. मास्तर खेळ दाखवायला कातानियाला गेले होते, म्हणून ते, त्यांचं यंत्र आणि मासळीबाजाराची ती फीत तेवढी वाचली.

उत्तरेकडची एक कंपनी आली. "ढिगाऱ्यांचा सिनेमा काढा, जगभर चालेल."

"ढिगारे कुणीही काढेल," मास्तर म्हणाले. "मला माणसं काढायची होती. ती काढून झाली."

आम्ही लाकडी बराकीत राहायचो. तिथं त्यांनी चादर टांगून मासळीबाजार लावला. कुणी हसलं नाही. लोक नावं घेऊन हाका मारत होते. पीनोनं पडद्यावरून मला जीभ दाखवली. मग दर रविवारी तेच.

दोन्ना लेत्तेरियाची गेलेली लेक नुन्झिया पडद्यावर डोक्यावर टोपली घेऊन यायची, वळून हसायची आणि निघून जायची.

"मास्तर, तिला जरा थांबवा," एका रविवारी लेत्तेरिया म्हणाली.

"दिव्यापुढे फीत थांबली की जळते, बाई."

"दर खेपेला ती माझ्याकडे बघते आणि तुम्ही तिला हाकलून देता!"

मास्तरांचा हात थांबला. नुन्झिया हसत उभी राहिली. लेत्तेरिया चादरीपाशी गेली. तेवढ्यात पोरीच्या गालावर तपकिरी डाग उठला आणि पसरला. मास्तरांनी फीत ओढून तोडली, बोटं भाजली.

"आमचीही माणसं जाळणार का?" कुणीतरी किंचाळलं. एकानं त्यांच्या थोबाडीत मारली. त्यांनी मारू दिली.

फीत जोडली, पण नुन्झिया त्यात उरली नाही. तरी लेत्तेरिया येत राहिली, शेजारणीची माणसं बघायला.

मास्तरांनी नवा सिनेमा काढला नाही. फीत झिजत गेली, चेहरे पुसत गेले, शेवटी ती यंत्रात चालेना. सहा-सात वर्षांनी ते त्याच बराकीत छातीच्या दुखण्यानं गेले. फितीचा डबा उघडला तर आत तिचा पिवळा, चिकट गोळा झालेला. लेत्तेरियानं तो धुतलेल्या फडक्यात बांधला आणि शवपेटीत त्यांच्या उशाशी ठेवला.