पहिल्या बेसवरचा चेहरा

कपाट उघडलं की चामड्याचा, तेलाचा आणि जुन्या घामाचा वास येतो. सिंगापूरच्या दमट हवेत चामड्यावर आठवड्यात बुरशी धरते, म्हणून हा बेसबॉलचा ग्लव्ह मी दर रविवारी पुसून ठेवतो. खेळत मात्र नाही. त्या वासाने हार्बरफ्रंटच्या ऑफिसात माझ्या समोर बसणारा तो अमेरिकन आठवतो.

दोन हजार चौदा-पंधराचा सुमार असेल. जहाजांची वेळापत्रकं लावणारा हा अबोल माणूस एके काळी पोटापाण्यासाठी बेसबॉल खेळत होता, हे कंपनीने हौशी संघ काढल्यावर कळलं. जुरोंग ईस्टच्या मैदानावर दुसऱ्या बेसजवळ उभा राहून जमिनीलगतचा चेंडू तो इतक्या अलगद उचलायचा, की गवतानेच तो हातात ठेवलाय असं वाटे. पण पुढे फलंदाज पहिल्या बेसवर पोचायच्या आत चेंडू तिथल्या गड्याकडे फेकायचा, तर हा तो घेऊन स्वतःच तिकडे धावत सुटायचा. आमच्या साहेबांनी त्याला नेतृत्वगुण म्हटलं आणि त्यावर एक ईमेलही पाठवला.

खरं कारण त्याने हॉकर सेंटरमध्ये, नूडल्स थंड होऊ देत सांगितलं. नऊ वर्षं लहान गावांच्या संघांतून बसने फिरल्यावर त्याला मोठ्या संघात जागा मिळाली. तिथे एका संध्याकाळी त्याने रोजच्यासारखा चेंडू फेकला, तेव्हा पहिल्या बेसवरचा गडी, त्याच्याच खोलीत राहणारा मित्र, क्षणभर दुसरीकडे पाहत होता. मित्राचा डोळा गेला. त्यानंतर पहिल्या बेसवर चेहरा दिसला की याची बोटंच उघडेनात. उन्हाळा संपायच्या आत कारकीर्द संपली.

कंपन्यांच्या स्पर्धेतल्या अंतिम सामन्याच्या आठवडाभर आधी तो मला म्हणाला, "पहिल्या बेसवर तू उभा राहा."

"मीच का?"

"तू चेंडूवरची नजर काढत नाहीस. तुम्हा क्रिकेटवाल्यांना झेल सुटला की सात पिढ्यांचा अपमान वाटतो."

नाही म्हणायला मला लाज वाटली, आणि बहुतेक शौर्याचा उगम एवढाच असतो. घरी बायको म्हणाली, "अहो, पुण्यात शेजारची काच फुटली तर सगळ्यांत आधी तुम्ही पळायचात." मुलगी तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "बाबा, डोन्ट स्टँड देअर लाह." आठवडाभर सरावात त्याने माझ्याकडे एकदाही चेंडू फेकला नाही. रोज मी चेहरा शाबूत घेऊन घरी येई, आणि रोज भीती थोडी वाढलेली असे.

सामन्याच्या दिवशी पाहुण्यांची भाषणं खेळाइतकीच लांबली. शेवटच्या डावात बरोबरी होती, त्यांचे दोन गडी बाद झाले होते आणि एक गडी धाव पुरी करायला तिसऱ्या बेसवर टपला होता. समोरचा फलंदाज बाद झाला तर आम्ही टिकणार, नाहीतर हरणार. चेंडू आमच्या अमेरिकनाकडे गेला, पण इतक्या दूर की धावत येणं शक्यच नव्हतं. त्याने हात उचलला आणि माझ्याकडे पाहिलं. मोठ्या माणसाच्या डोळ्यांत एवढी भीती मी पाहिली नव्हती. माझ्या डोळ्यांत त्याला काय दिसलं, कोण जाणे. मग बोटं उघडली.

चेंडू सरळ नाकावर आला. मी एक पाऊल पुढे टाकून दोन्ही हातांत तो धरला, बोट कडकन वाजलं, आणि जन्मभराच्या सवयीने मी झेल आभाळाकडे उंचावला. पंचाने शांतपणे हात पसरले, म्हणजे फलंदाज नाबाद. आमच्याकडे झेल घेतला की संपलं. इथे पाय बेसवर टेकलेला असावा लागतो, आणि माझा पाय पुढे आला होता. आम्ही हरलो.

तो मात्र पंचाकडे न बघता माझ्यापाशी आला. हनुवटी धरून माझा चेहरा इकडून तिकडे वळवून पाहिला, माठाला चीर गेलीय का पाहतात तसा.

"लागलं?"

"बोटाला."

"चेहऱ्याला?"

"नाही."

तो तिथेच बेसवर बसला. बराच वेळ उठला नाही.

पुढच्या वर्षी हा ग्लव्ह माझ्या टेबलावर ठेवून तो मायदेशी गेला. वर्षातून एकदा मेसेज येतो, 'चेहरा कसा आहे?' मी लिहितो, 'पूर्वीसारखाच.' भीती गेली का, हे ना मी विचारलं, ना त्याने सांगितलं. मुलगी आता मोठी झाली. घराची किल्ली ती खोलीच्या पलीकडून माझ्याकडे फेकते, आणि मी दोन्ही हात चेहऱ्यासमोर धरतो म्हणून हसते. वाकडं बोट सवयीचं झालंय. किल्ली हातात येईपर्यंतचा तो क्षण मात्र इतक्या वर्षांत जराही लहान झालेला नाही.