पाठीवरची पट्टी

त्या संध्याकाळी मी बायकोची पाठ खाजवून देत होतो. खाजवायची मनाई होती. अमरावतीच्या चामडीच्या डॉक्टरनं तिच्या पाठीवर पट्टी चिकटवली होती. पट्टीखाली बारीक बारीक खण. एकात केसांचा डाय, एकात टिकलीचा डिंक, एकात खोट्या दागिन्यातला धातू, एकात तिच्याच डबीतलं कुंकू, अजून काय काय. ज्या खणाखाली लाल होईल तेच कपाळ सोलून राहिलं, असं समजायचं. परवा या, तोवर पाठीला पाणी नको, म्हणाला.

कपाळ तिचं किती वर्षांपासून काळं पडलं होतं. फोड यायचे, पाणी सुटायचं. मी म्हणायचो, कुंकू बंद कर. ती म्हणायची, "तुमच्या जिवासाठी लावतो मी. मिरवाले नाई."

"आवो, खालच्या कोपऱ्यात लय आग होऊन राहिली," ती म्हणाली. "डाव्या. फणीचं टोक लावा ना जरासं."

"डॉक्टर मले शिव्या देईन."

"त्याले काय अमरावतीहून दिसते?"

मी पट्टीच्या कडेनं फणी फिरवली. तिला बरं वाटलं. झोपली.

सकाळी चहा ठेवून हाक मारली, तर उठलीच नाही. ताप नाही, दुखणं नाही. काहीच नाही.

बायांनी शेवटच्या अंघोळीसाठी लुगड्याचा आडोसा धरला. पाण्याचा आवाज आला तसा मी ओरडलो, "पाठ भिजवू नका! उद्या दवाखान्यात जायचं हाय!"

मग कोणीतरी पट्टी ओढून काढली. मी आडोसा सारून पाहिलं. डाव्या कोपऱ्यात रुपयाएवढा लालभडक डाग.

माझ्या बहिणीनं कुंकवाची डबी उघडली.

"नको लावू वं. तिले खाजते."

"दादा, अहेव गेली ते. भाग्याची बाई. आता काय खाजते तिले?"

अख्खी डबी कपाळावर रिकामी केली. मला वाटलं, आता बायको हात वर करील आणि पुसून टाकील. मी तिच्या हाताकडंच पाहत राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी, घरात माणसं बसली होती, तरी मी दर्यापूरहून बस धरली. बोलावणं त्याच दिवसाचं होतं.

"आजींना आणलं नाही?" डॉक्टर म्हणाला. "पाठ पाहावी लागते."

मी सदरा वर केला, त्याच्याकडं पाठ फिरवली आणि हात मागं नेऊन बोट ठेवलं. "इथं. रुपयाएवढं. लाल."

त्यानं आपला कागद पाहिला.

"कुंकू. त्यातला रंग. आजपासून लावू नका म्हणावं."

मी सदरा खाली केला आणि त्याला कालचं सांगितलं.