कमी निघालेलं तेल

आमच्या ह्यांचा कोणावरच विश्वास नव्हता. दूधवाला पाणी घालतो असं सगळेच म्हणतात, पण हे भाजी घेताना तराजूच्या पारड्याखाली बोट फिरवून पाहत. नागपूरच्या एका डॉक्टरची जुनी गाडी आम्ही विकत घेतली, तेव्हा सौंसरमधल्या सगळ्या मेकॅनिकांवर ह्यांचा संशय आधीच बसलेला होता. गाडीखाली झोपलेला माणूस काय करतो ते आपल्याला दिसत नाही, तो जुनंच तेल परत भरतो, असं ह्यांचं ठाम मत. म्हणून बोटीवर नोकरी करणाऱ्या एका मित्राकडून ह्यांनी हातपंप मिळवला. इंजिनाच्या तेलाची पट्टी काढायची, त्याच भोकातून बारीक नळी आत सोडायची आणि दांडा ओढत राहायचं. जुनं तेल वरच्या वर, डोळ्यांदेखत डब्यात येतं. खालचा नट खोलायला नको की कोणाला गाडीखाली झोपवायला नको.

माझा संशय त्या पंपावर. दिसत नाही अशा ठिकाणी नळी टेकली की नाही, हे कळणार कसं? पण मला गाडीतलं काय कळतं, असं म्हणून ह्यांनी विषय मिटवला.

गाडी उभी राहायची ती अंगणात, तुळशीसमोर. घरी आली त्या दिवशी सासूबाईंनी तिला ओवाळलं होतं आणि बजावलं होतं की तिचं तोंड उगवतीलाच ठेवायचं, मावळतीला तोंड करून लक्ष्मी उभी करत नाहीत. आमच्या अंगणाचा उतार मावळतीकडे. त्यामुळे गाडी कायम नाक वर करून उभी असायची, नव्या सुनेला नाकं मुरडणाऱ्या नणंदेसारखी. त्यात कोणाला काही वावगं वाटलं नाही.

त्या उन्हाळ्यात माझ्या धाकट्या भावाने गाडी नेली होती. तो तिगावला शेती करायचा. आईचे डोळे नागपूरला दाखवायचे होते, म्हणून चार दिवस गाडी त्याच्याकडे राहिली. पोळा झाल्यावर ह्यांनी पहिल्यांदा पंप लावून तेल काढलं. गाडी घेताना नागपूरला स्वतः उभं राहून जेवढं भरून घेतलं होतं, त्यातलं पाऊण हिस्साच निघालं. पंप फुसफुसायला लागला, तरी हे ओढतच राहिले. मग डब्यात वाकून पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली.

"तुह्या भावाच्या विहिरीवर डिझेल इंजिन आहे ना?" एवढंच ते म्हणाले.

इंजिन तेल पितं, गाडी जुनी आहे, असं मी परोपरीने सांगितलं. पण कावीळ झालेल्याला सगळं पिवळंच दिसतं. पुढच्याच आठवड्यात भाऊ गावची वांगी घेऊन आला, आणि ह्यांनी त्याला ओट्यावरच विचारलं, तेल काढलं होतं का म्हणून. भावाने वांग्यांची पिशवी माझ्या हातात दिली आणि चहा न घेताच निघून गेला. एकुलता एक भाऊ. भाऊबीजेला तो येतो की नाही, हाच घोर मला लागला. ह्यांचा मला इतका राग आला की दोन दिवस मी ह्यांच्याशी कामापुरतंही बोलले नाही.

इकडे ह्यांनी नवं तेल पुरतं भरलं, पट्टी पाहिली, खुणेवर बरोबर. पण गाडी तेल जळाल्यासारखा निळा धूर सोडायला लागली. दसऱ्यानंतर आम्ही दोघं नात्यातल्या एका लग्नाच्या बोलणीसाठी पांढुर्ण्याला गेलो, तिथे सपाट रस्त्यावर गाडी लावून ह्यांनी पट्टी काढली, तर तेल खुणेच्या कितीतरी वर. आता कोणी तेल घातलं, असा ह्यांचा पहिला प्रश्न. मी म्हटलं, "गाडीचं नाक खाली आलं आहे, ते पाहा." ह्यांनी वाकून पुढची आणि मागची चाकं पाहिली. मग डिकीतून पंप काढून नळी सोडली. जास्तीचं सगळं तेल निघालं. अंगणात ते उताराला मागे साचत होतं, नळीला आणि पट्टीला पुरतं लागतच नव्हतं.

"आता तिगावला जाऊन त्याला सांगा," मी म्हटलं. हे गेले. पण चूक झाली हे शब्द ह्यांच्या तोंडून निघणं म्हणजे बैलाने दूध देणं. हे सोबत नव्या तेलाचा सीलबंद डबा घेऊन गेले आणि "तुह्या इंजिनाला होईल" एवढं बोलून परत आले. झाला तो आळ भारी पडलाच होता, वर हा डबा.

भाऊबीजेला भाऊ आला. बसने आला, हातात तोच डबा. मी ओवाळायच्या आधीच त्याने तो उंबऱ्याशी ठेवला.

"भाऊजी, मी तेल घेतलं नव्हतं. म्हणून हेही घेऊन नाही राहिलो."

मग मीच बोलले. तेल गाडीतच होतं, गाडी नाक वर करून उभी होती, पंप अपुरा पडला, आणि ह्यांना हे दसऱ्यापासून ठाऊक आहे, सगळं सांगितलं. भावाने ह्यांच्याकडे पाहिलं. हे डब्याकडे पाहत होते. तो पाटावर बसला. मी ओवाळलं. जेवण मात्र त्याने घाईने उरकलं. बस चुकेल म्हणाला.

मी फाटकापर्यंत गेले. निदान आता तरी हे मागून येतील, एक शब्द बोलतील असं वाटलं होतं. वळून पाहिलं तर हे उंबऱ्याशी वाकले होते. डबा उचलून, उजेडाकडे फिरवून, सील तुटलं आहे का ते पाहत होते.