बारापेक्षा वीस मोठे

हे बंदुका सांभाळायचे. शारजाहून उम्म अल कुवैनकडे जाणाऱ्या रस्त्यावर, वाळूत, नेमबाजीचा एक क्लब होता. तिथल्या बंदुकांच्या खोलीत यांची नोकरी. बंदुका पुसायच्या, तेल द्यायचं, आलेल्या माणसाच्या हातात द्यायच्या आणि परत घेऊन कुलपात ठेवायच्या. मी लोकांना "क्लबात आहेत" एवढंच सांगायची. शारजातल्या रोल्ला भागात आम्ही राहायचो, त्या इमारतीतल्या बायकांना वाटायचं, हे तिथे स्वयंपाक करतात. मीही कधी खरं काय ते सांगायला गेले नाही. चारचौघांत बोलायचं म्हटलं की माझे शब्द उलटसुलट होतात. शाळेत गुरुजींनी उभं केलं की तसंच व्हायचं, आणि चौथीनंतर मला कुणी उभं केलंच नाही.

मग क्लबाने आठवड्यातली एक दुपार बायकांसाठी ठेवली. त्या दुपारी आत एकही पुरुष नको. शिकवायला एक फिलिपिनो बाई आली, खोलीच्या किल्ल्याही तिच्याकडेच. पण बंदुका पुसायला, हातात द्यायला आणखी एक बाई हवी होती. मॅनेजरने यांना विचारलं, "तुझी बायको घरीच असते ना?"

हे घरी येऊन म्हणाले, "चल. तिथे बोलावं लागत नाही. बंदूकच बोलते."

बंदूक मला नवी नव्हती. गावी वडिलांकडे ठासणीची होती, रानडुकरांसाठी. कधीतरी ते होले मारून आणत. आई पिसं काढायची, आणि जेवताना दाताखाली छर्रा आला की आम्ही भावंडं तो ताटाच्या कडेला ठेवायचो, कुणाला जास्त मिळाले ते बघायला. पण बंदुकीला हात लावायची सोय नव्हती. मुलीची सावली पडली की बार फुकट जातो, असं वडील म्हणायचे.

क्लबात दोन मापांच्या बंदुका होत्या, बारा नंबर आणि वीस नंबर. मी आपली धरून चालले होते की वीस नंबरची मोठी. यांना तसं म्हटलं तर हे चहा पिता पिता ठसकले. मी भाकरीचं पीठ मळत होते.

"या गोळ्याच्या बारा भाकऱ्या केल्यास तर जाड होतील की पातळ?"

"जाड."

"आणि वीस केल्यास?"

"पातळ."

"झालं तर. शिशाचंही तसंच. एक रतल शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातली एक ज्या नळीत बसते ती बारा नंबर. वीस केल्या की गोळी लहान, नळीही लहान."

"म्हणजे आकडा मोठा आणि बंदूक लहान? हे ठरवलं कुणी?"

"इंग्रजाने. भाकऱ्या थापून बघितल्या असतील त्याने."

त्यांनी मला एकच गोष्ट दरडावून सांगितली. वीस नंबरची काडतुसं पिवळी असतात, ती बाराच्या काडतुसांत कधी मिसळू द्यायची नाहीत. पिवळं काडतूस बाराच्या नळीत घसरून आत अडकतं, बाहेरून दिसत नाही. मागून बाराचं घातलं आणि चाप ओढला की नळी फुटते, हात जातो. म्हणून बंदूक बदलून देण्याआधी समोरच्या बाईचे खिसे बघायचे. ती कितीही मोठ्या घरची असो.

तिथे एक मुलगी यायची, पंधरा-सोळा वर्षांची, तिथलीच, अरब घरातली. बरोबर एक बाई असायची, उंच, काळ्या अबायात, हातात कहव्याचा, म्हणजे अरबी कॉफीचा थर्मास आणि खजुराचा डबा. मुलगी तिला "अम्मा" म्हणायची, म्हणून मी बरेच दिवस तिला आईच समजत होते. मग मुलीनेच सांगितलं की अरबीत अम्मा म्हणजे आत्या. मुलीला हिंदी छान यायचं, घरातल्या मोलकरणीकडून शिकलेलं. मला ती खाला म्हणायची, म्हणजे मावशी.

तिचे वडील दर हिवाळ्यात तिच्या दोन्ही भावांना घेऊन परदेशात पक्ष्यांच्या शिकारीला जात. या वर्षी हिने हट्ट धरला, मीही येणार. वडील म्हणाले, थंडीच्या सुट्टीआधी मी क्लबात येऊन बघेन. उडवलेल्या बशांतल्या निम्म्या फोडल्यास तर चल, नाहीतर घरी बस. बशा म्हणजे चहाच्या बशीएवढ्या मातीच्या केशरी चकत्या. एक यंत्र त्या हवेत भिरकावतं आणि त्या उडत्या फोडायच्या असतात.

मुलीच्या हातात बारा नंबरची होती, कारण आत्याची तशी आज्ञा. मुलगी चणीने बारीक. बंदुकीचा लाकडी दस्ता तिच्या बगलेत अडकायचा, नळीचं वजन डावा हात खाली ओढायचं. गोळी सुटली की दर वेळी ती एक पाऊल मागे यायची. एकदा मला तिने अबाया सरकवून खांदा दाखवला, पिकल्या जांभळासारखा झाला होता. फिलिपिनो बाईने एक दिवस तिला न सांगता रिकामी बंदूक दिली. मुलीने चाप ओढला. आवाज नाही, धक्का नाही, तरी तिचा खांदा मागे गेला आणि डोळे मिटले. बाई म्हणाली, "बघितलंत? बशी दिसण्याआधीच ही घाबरते. हिला वीस द्या."

"नाही," आत्या म्हणाली. "बाराच."

घरी मी हे यांना सांगितलं. हे म्हणाले, "बंदूक अंगाला बसली पाहिजे, तुझ्या ब्लाउजसारखी. वीस तिला बरी. पण वीसमधली सगळ्यात हलकी दुनळी देऊ नका. हलकी बंदूक जास्त लाथ मारते, वजन नसतं ना धक्का खायला. वीसमधलीच ती एकनळी आहे बघ, एकदा उडवली की आपोआप भरणारी. ती थोडी जड आहे, पण तिच्या आतली कमान अर्धा धक्का स्वतःच खाते."

"मला कशाला सांगता? मी काय बोलणार आहे तिथे?"

"नको बोलू. ऐकून ठेव."

पुढच्या खेपेला मुलीने बशा फोडल्याच नाहीत म्हणायला हरकत नाही. एक फुटली, तीही कडेला. ती बंदूक ठेवून माझ्या खोलीतल्या बाकावर येऊन बसली आणि रडायला लागली. मागोमाग आत्या आली, तिच्या मागे फिलिपिनो बाई.

"यल्ला, ऊठ," आत्या म्हणाली. "तुझे भाऊ रडतात का?"

"भाई लोग हँसते हैं," मुलगी माझ्याकडे बघून हिंदीत म्हणाली. "बोलते हैं, बीस नंबर लड़कियों का खिलौना है. इसलिए अम्मा नहीं देती."

आत्याला हिंदी कळत होतं. ती आपल्या मोडक्या हिंदीत मला म्हणाली, "हम छोटा था, हमारा भाई भी यही बोला. औरत का बंदूक, औरत का बंदूक. फिर हमको लेके नहीं गया. कभी नहीं." हे ती रागाने नाही बोलली. डब्यातल्या खजुराच्या बिया एका बाजूला करत बोलली.

मी हातातल्या फडक्याकडे बघत होते, आणि तोंडातून निघून गेलं, "लेकिन बारा से बीस बड़ा है."

तिघींनीही माझ्याकडे बघितलं. मी तिथे आल्यापासून हो आणि नाही याशिवाय काही बोलले नव्हते. आता थांबता येईना, म्हणून पुढचंही बोलले, "भाई के पास बारा, इसके पास बीस. गिनती तो सबको आती है."

आधी फिलिपिनो बाई हसली, तिलाही कामापुरतं हिंदी कळायचं. आत्याने मान वळवून मुलीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि एकदम इतकी हसली की थर्मासचं झाकण खाली पडलं. "इशरीन!" ती म्हणाली. इशरीन म्हणजे वीस. मांडीवर थाप मारून तिने मुलीला अरबीत काहीतरी सांगितलं, आणि मुलगी नाक पुसत हसायला लागली. मी विचारलं, काय म्हणाली? "बोलती है, भाई लोग मदरसे में गिनती सीखे नहीं क्या."

मी मुलीचे खिसे बघून त्यातली बाराची लाल काडतुसं काढून घेतली. आत्याने स्वतःच फळीवरची वीस नंबरची हलकी, नक्षीची दुनळी निवडली, दिसायला सुरेख म्हणून. दोनदा उडवताच मुलगी खांदा चोळत परत आली.

"खलास! दोन्ही सारख्याच," आत्या म्हणाली.

बाईने मला खूण केली, ती एकनळी आण. मी आणली. मुलीने ती गालाला लावली आणि तशीच धरून राहिली. नळी हलत नव्हती. मग बाहेर गेली. मी काचेतून बघत होते. तिसऱ्या की चौथ्या बशीचा केशरी धूर झाला, आणि ती मागे आली नव्हती. पाय होते तिथेच होते.

वडील बघायला आले तो दिवस बायकांचा नव्हता, म्हणून मला जाता आलं नाही. त्या दिवशी माझं घरात लक्ष नव्हतं, दोनदा आमटीत मीठ पडलं. संध्याकाळी हे आले, चपला काढल्या, हात धुतले, पाणी मागितलं. मुद्दाम.

"अहो, सांगा ना."

"आमटी कसली आहे?"

"खारट आहे. सांगा."

"सुरुवातीच्या सगळ्या चुकल्या. भाऊ बाकावर बसून खिदळत होते, एक म्हणाला, ते खेळणं ठेव खाली. ती वळली आणि म्हणाली, तुझी बारा, माझी वीस. बाप हसला. बापाला वाटलं असेल, पोरीचं डोकं चालतं. मग लागली फोडायला." ते पाणी प्यायले. "निम्म्यापेक्षा एक जास्त."

"मग नेणार ना?"

"तो म्हणाला, इन्शाल्ला."

माझं मन खट्टू झालं. तिथे इन्शाल्ला म्हणजे हो असू शकतं, आणि बघू असंही असू शकतं.

"पण तिची आत्या आली होती बरोबर," हे म्हणाले. "ती भावाला म्हणाली, इन्शाल्ला मीही लहानपणी ऐकलंय. हो म्हण, नाहीतर नाही म्हण."

"मग?"

"त्यावर काय बोलला ते ऐकू आलं नाही. गाड्या निघाल्या."

पुढची दुपार आली तेव्हा थंडी पडली होती, तिथल्या मानाने. मी बंदुका पुसत होते आणि काचेतून गेटकडे बघत होते. एरवी त्यांची गाडी सगळ्यात आधी यायची. त्या दिवशी येईना. मुलगी आली तर नेलं नाही, नाही आली तर नेलं, असं मी मनात धरून ठेवलं होतं. कुणी येऊ नये म्हणून वाट बघायची, हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच.

गाडी आलीच. माझ्या हातातलं फडकं थांबलं. दार उघडलं आणि आत्या उतरली. मागचं दार उघडलं नाही. ती एकटीच आत आली, थर्मास आणि डबा माझ्या टेबलावर ठेवला. मी न राहवून विचारलं, "लड़की?"

तिने हात विमानासारखा वर नेला आणि खिडकीच्या दिशेने सोडून दिला.

मग बाकावर बसून तिने एक कप कहवा घेतला, मलाही एक दिला. तो संपल्यावर अबायाच्या बाह्या वर सारल्या, फळीकडे बघितलं आणि म्हणाली, "इशरीन."

मी आधी तिचे खिसे बघितले. मग ती एकनळी काढून तिच्या हातात दिली.